वर्षाचं धान्य फ्लॅटमध्ये, विषारी औषधाशिवाय कसं भरायचं?

रानजाई | २८ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी, सासरची शेती बार्शीजवळ आहे आणि आम्ही पुण्यात टू बीएचकेत राहतो. दरवर्षी एप्रिलअखेर टेम्पोतून वर्षाचं धान्य येतं. यंदा एक क्विंटल गहू, २५ किलो ज्वारी, १५ किलो तूरडाळ, १० किलो चवळी, १० किलो हरभरे आणि इंद्रायणी तांदळाचं एक पोतं आलंय. सासूबाई-सासऱ्यांच्या कष्टाचं आहे, एक दाणा वाया गेला तरी जीव तुटतो.

गेल्या वर्षी मात्र फार वाया गेलं. चवळीचा डबा ऑगस्टमध्ये उघडला तर प्रत्येक दाण्याला भोक आणि वर भुंग्यांचा थर. ज्वारीला जाळी झाली, ती सगळी पक्ष्यांना घातली. सासूबाईंना फोनवर सांगताना मला रडू आलं. त्या म्हणाल्या, "अगं, होतं असं." पण माझ्या मनातून ते गेलं नाही.

इमारतीतल्या काही जणी डब्यात औषधाच्या गोळ्या ठेवतात. माझी मुलगी चार वर्षांची आहे, मला ते घरात नकोच आहे. हल्ली हवाबंद चंदेरी पिशव्या आणि ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांबद्दल ऐकते. त्या आपल्या हवेत खरंच चालतात का? की एरंडेल आणि कडुलिंबच बरा? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. धान्य अजून पोत्यातच आहे, या आठवड्यात भरायचंय.

डोंबिवलीची_माऊ | २८ एप्रिल, रात्री १०:५८

वाचतेय. माझ्याकडे पण तूरडाळ आलीय अकोल्याहून.

जुनाजाणता | २८ एप्रिल, रात्री ११:२०

ताई, सगळ्यात आधी ऊन. बाकीचं सगळं नंतर. गच्चीवर चादरी टाकून गव्हाला तीन दिवस कडक ऊन द्या, पातळ पसरा, दर तासाला पायाने किंवा हाताने उलथापालथ करा. दाणा दाताखाली धरला की कट् असा आवाज येऊन तुटला पाहिजे. चेपला गेला तर ओल आहे.

आणि एक चूक फार जण करतात. उन्हातून उचललं की गरम गरमच कोठीत भरतात. गरम धान्य डब्यात वाफ धरतं, ती वाफ रात्री गार होऊन झाकणाला आणि वरच्या थराला पाणी सुटतं. तिथूनच बुरशी आणि किडा सुरू होतो. संध्याकाळी सावलीत आत आणायचं, रात्रभर पसरून गार होऊ द्यायचं आणि सकाळी भरायचं.

ओटीपदर | २९ एप्रिल, सकाळी ७:१५

जुनाजाणता काकांना अनुमोदन. आमच्याकडे रत्नागिरीत वाल आणि कुळीथ राखेत ठेवतात. चुलीची राख चाळून, गार करून, मडक्यात एक थर कुळथाचा, एक थर राखेचा. वर्ष झालं तरी दाणा टणक. लागेल तेव्हा पाखडून धुवून घ्यायचं. तांदूळ पूर्वी भाताच्या पेंढ्याच्या मुडीत बांधून ठेवायचे, आता कोणी मुडी बांधत नाही. बांधणारी माणसंच राहिली नाहीत.

नाचणी मात्र काहीही करू नका, नुसती कोरडी ठेवा. एवढ्या बारीक दाण्यात किड्याला शिरायला जागाच नसते. माझ्या आजीच्या कणगीत चार-चार वर्षांची नाचणी असायची.

हिशेबी | २९ एप्रिल, सकाळी ९:०५

थोडं वेगळं मत मांडतो. आता खाली उतरलं की दुकान आहे. वर्षाचं धान्य भरण्यामागे जे कारण होतं, म्हणजे पावसाळ्यात रस्ते बंद होणं, सुगीलाच स्वस्त मिळणं, ते शहरात कितपत उरलंय? पोत्यामागे दहा किलो वाया गेलं तर स्वस्ताईही गेली. महिन्याला लागेल तेवढं आणावं आणि सासरच्यांनी बाजार समितीत विकून पैसे पाठवावेत. माझा हेतू दुखवण्याचा नाही, हिशेब म्हणून सांगतो.

रानजाई | २९ एप्रिल, सकाळी ९:३०

@हिशेबी, हिशेब बरोबर असेलही. पण त्या गव्हात माझ्या सासऱ्यांनी रात्री बॅटरी घेऊन दिलेलं पाणी आहे. विकतच्या गव्हाची पोळी खाताना मला ते आठवत नाही. मला साठवायचंच आहे, फक्त नीट साठवायचंय.

बांधावरचा | २९ एप्रिल, दुपारी १:४४

रानजाईताईंच्या या एका ओळीसाठी लॉगिन झालो.

मी लातूरकडचा शेतकरी. हिशेबी साहेब, आम्ही वर्षाचं खायचं ठेवूनच बाकीचं विकतो, कारण विकताना भाव व्यापारी ठरवतो आणि विकत घेताना दुकानदार. घरात धान्य असलं की माणूस निवांत झोपतो. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळाचं सांगायची. लोक रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे, सुकडी आणि बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले. आमच्या घरी तेव्हा पेवातली ज्वारी निघाली. भिंतीलगतची काळी पडलेली, मधली चांगली. वास उग्र यायचा, उन्हात घालून मग दळायची. पण होती, म्हणून भावकीतली पाच घरं जगली.

मुंबईकर_चाळीतला | २९ एप्रिल, दुपारी २:१०

पेव म्हणजे नेमकं काय? "पेव फुटलंय" एवढंच ऐकलंय आम्ही.

बांधावरचा | २९ एप्रिल, दुपारी २:५२

तेच पेव. जमिनीत, शक्यतो उंचवट्यावर मुरमाड जागी खोदलेला खोल खड्डा. तोंड अरुंद, आत पोट मोठं. तळाला आणि कडेने कडबा-गवताचा जाड थर लावायचा, ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, मग दगड आणि चिखल-मातीने तोंड गच्च बंद. फुटलं की सगळीकडे धान्यच धान्य, त्यावरून तो वाक्प्रचार.

आणि पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं. तोंड तासन् तास उघडं ठेवायचं, मग कंदील दोरीने खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरला नाही पाहिजे. घाई करून उतरलेले गुदमरून मेल्याच्या गोष्टी आमच्या भागात गावोगावी आहेत.

सूक्ष्मदर्शक | २९ एप्रिल, रात्री ८:३५

बांधावरचा यांनी न सांगता या धाग्याचं अर्धं उत्तर देऊन टाकलंय! मी कीटकशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांब लिहिते.

पेवात कंदील का विझतो? बंद जागेत धान्य, बुरशी आणि किडे हे तिघेही श्वास घेतात. ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. मग किड्यांचं खाणं थांबतं, अंडी घालणं थांबतं आणि शेवटी ते मरतात. साठवणीचा किडा कोरड्या धान्यात पाणी पीत नाही, अन्न ऑक्सिजनच्या मदतीने जाळून त्यातूनच आपलं पाणी तयार करतो. ऑक्सिजन बंद म्हणजे पाणीही बंद, किडा अक्षरशः वाळून मरतो. ऑक्सिजन शोषक पुडी याच तत्त्वावर चालते, फक्त ती हे काम महिन्यांऐवजी दिवसाभरात करते.

आता रानजाईच्या चवळीचं. कडधान्याचा भुंगा बहुतेक वेळा घरात येतच नाही, तो शेतातूनच येतो. मादी वाळत आलेल्या शेंगेवर किंवा दाण्यावर अंडी घालते. नीट पाहिलंत तर दाण्यावर पांढरा बारीक ठिपका दिसेल, ते अंडं. अळी थेट दाण्यात शिरते, आतच वाढते आणि उबदार हवेत महिनाभरात गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. म्हणजे एप्रिलमध्ये स्वच्छ दिसणाऱ्या चवळीत किडा आधीच बसलेला होता. नुसता घट्ट झाकणाचा डबा त्याला थांबवत नाही, कारण अर्ध्या रिकाम्या डब्यात त्याला पुरेल इतकी हवा असते. डबा शिगोशीग भरलेला का असावा, तेही यातूनच कळेल.

म्हणून आधी आतला किडा मारायचा आणि मग बाहेरचा येऊ द्यायचा नाही. मारायला घरात दोन सोपे उपाय. उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस, किंवा कडक ऊन. फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आतलं धान्य खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर दमट हवेतलं पाणी थंड दाण्यांवर दव धरेल.

ओटीपदर, तुमची राखही शास्त्राला धरून आहे. राख दाण्यांमधल्या फटी भरते, भुंग्याला हलायला जागा उरत नाही आणि त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जातो. किडा पुन्हा वाळूनच मरतो.

ओटीपदर | २९ एप्रिल, रात्री ९:०२

माझ्या आजीला हे वाचून दाखवायला हवं होतं. डोळ्यात पाणी आलं हो.

डोंबिवलीची_माऊ | २९ एप्रिल, रात्री ९:१०

मग माझ्या तूरडाळीचं? तिला पण फ्रीजर?

सूक्ष्मदर्शक | २९ एप्रिल, रात्री ९:२४

डाळीला हा भुंगा फारसा त्रास देत नाही, त्याला वाढायला अख्खा दाणा लागतो. म्हणूनच आपल्याकडे तूर अख्खी न ठेवता भरडून डाळ करून ठेवतात. डाळीला तांबडा भुंगेरा आणि पाखराच्या अळ्या लागतात. तिला किलोला चमचाभर एरंडेल हातावर घेऊन चोळा, दाणा नुसता चकचकीत दिसला पाहिजे, ओला नाही.

गव्हाळ | ३० एप्रिल, सकाळी ११:००

आम्ही वर्षानुवर्षं गव्हाला बोरिक पावडर लावतो. स्वस्त आणि खात्रीचं. कधी काही झालं नाही.

परिचारिका_०७ | ३० एप्रिल, दुपारी ३:३०

@गव्हाळ, राग मानू नका. बोरिक हे अन्नात मिसळायचं द्रव्य नाही, परवानगी असलेल्या परिरक्षकांत ते बसत नाही. तांदूळ आपण चार पाण्यांनी धुतो, पण गहू? न धुता गिरणीत गेला तर पावडर थेट पिठात. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असेल तर नकोच.

पण मला खरं बोलायचंय ते गोळ्यांबद्दल. रानजाईताई, तुम्ही त्या घरात आणल्या नाहीत हे फार चांगलं केलंत. धान्यात टाकायच्या म्हणून ज्या करड्या गोळ्या मिळतात, त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. तीन ग्रॅमची एक गोळी साधारण एक ग्रॅम वायू सोडते. या विषावर उतारा नाही. कायद्याने त्या सरकारी गोदामं आणि मान्यताप्राप्त कीडनियंत्रण करणारे यांनाच विकायच्या असतात, तरी त्या घरोघरी पोचतात.

मी अतिदक्षता विभागात काम करते. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबातले तिघे आले. धान्याची पोती झोपायच्या खोलीत, खिडक्या बंद, पोत्यात गोळ्या. उलट्या होत होत्या म्हणून त्यांना वाटलं, काहीतरी शिळं खाल्लं. लहान मुलगा सकाळपर्यंत राहिला नाही. त्याच्या आईने मला विचारलं होतं, "गव्हानेच गेला का हो?" मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. एवढंच सांगते, ज्यांच्या घरात त्या गोळ्या आहेत त्यांनी आज डबा मोकळ्या हवेत नेऊन उघडा. गोळ्या कचऱ्यात किंवा पाण्यात टाकू नका. ज्यांना त्याची माहिती आहे अशा कीडनियंत्रणवाल्यांना बोलवा.

हिशेबी | ३० एप्रिल, दुपारी ४:१२

हे वाचून सुन्न झालो. आमच्या गावच्या घरी आहेत त्या. आत्ता भावाला फोन लावतो.

जुनाजाणता | ३० एप्रिल, सायंकाळी ६:००

पूर्वी काचेच्या नळीतलं एक औषध मिळायचं, ईडीबी नावाचं. कापडात गुंडाळून कोठीत ठेवून फोडायचं. आम्ही सर्रास वापरलं. पुढे त्यावर बंदी आली तेव्हा कळलं की आम्ही काय घरात आणत होतो. परिचारिका ताई, तुमचं म्हणणं सगळ्यांनी ऐकावं.

हिशेबी | ३० एप्रिल, रात्री ८:४०

भावाने पोती अंगणात आणली. उद्या माणूस येतोय. धागा काढल्याबद्दल रानजाईताई, आभार.

ह्यूस्टनवासी | १ मे, सकाळी ६:२०

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा सगळ्यांना. पिशव्या-पुड्यांचा प्रश्न मागे पडलाय, त्यावर लिहितो. मी आठ वर्षं हे करतोय.

मनापासून लागलो ते पोटातल्या भीतीने. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये बर्फाचं वादळ आलं, वीज गेली, नळाचं पाणी गेलं, दुकानं रिकामी. त्याआधी हौस म्हणून दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, त्या दिवशी खिचडीला त्यातलेच डाळ-तांदूळ निघाले. गॅसच्या छोट्या शेगडीवर केली. शेजारच्या मेक्सिकन आजींनाही दिली. पुढे २० जुलै २०२३ ला भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली तेव्हा इथल्या भारतीय दुकानांत सोना मसूरीसाठी रांगा लागल्या, माणशी एक पोतं. मी रांगेत नव्हतो.

इकडे यूटामध्ये मॉर्मन पंथाचे लोक घरात दीर्घ मुदतीचं धान्य ठेवणं धर्मकर्तव्य मानतात, त्यांच्याकडून खूप शिकलो. गहू, पांढरा तांदूळ, कडधान्य नीट कोरडं करून हवाबंद, गार आणि अंधाऱ्या जागी ठेवलं तर ते तीस वर्षं टिकतं असं ते मानतात. त्यांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात जुनं साठवलेलं धान्य शिजवून खायला देऊन तपासलंही आहे. पण "गार" हा शब्द विसरू नका. पुण्याच्या मे महिन्यात तीस वर्षं धरू नका.

माझी पद्धत: अन्नाच्या वीस लिटर बादलीत मायलर पिशवी (तीच ती चंदेरी), त्यात साधारण १५ किलो गहू, वर एकूण २००० सीसीच्या (म्हणजे तेवढे घन सेंटिमीटर ऑक्सिजन ओढणाऱ्या) शोषक पुड्या. चार-पाच लिटरच्या छोट्या पिशवीला ३०० ते ५०० सीसी. पुडीत लोखंडाची बारीक भुकटी असते, ती गंजते आणि गंजताना हवेतला ऑक्सिजन ओढून घेते. हवेचा पाचवा भाग कमी होतो म्हणून पिशवी दुसऱ्या दिवशी दाण्यांवर घट्ट बसते. बसली नाही तर शिवण कुठे गळतेय का ते पाहावं. पिशवी बंद करायला केस सरळ करायची इस्त्री उत्तम चालते. पुड्यांचं पाकीट एकदा फोडलं की वीस-तीस मिनिटांत काम उरका, त्या हवेत लगेच खपायला लागतात. साखर-मिठात त्या टाकू नका, साखरेची वीट होते. त्यांना नुसता कोरडा डबा पुरतो.

धोक्याचं एक सांगतो. ओलं धान्य ऑक्सिजनशिवाय बंद करणं उघड्या पोत्यापेक्षा वाईट. ऑक्सिजन नसलेल्या ओलसर जागी बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जिवाणू वाढू शकतात. त्यामुळे इथले लोक ओलावा १० टक्क्यांच्या आत असल्याशिवाय मायलरला हातच लावत नाहीत.

बांधावरचा | १ मे, सकाळी ८:४५

दहा टक्के? सरकारी खरेदीत गव्हाला १२ टक्के ओलावा चालतो, त्यापुढे १४ पर्यंत कपात करून घेतात. म्हणजे थेट खळ्यावरचा गहू पिशवीत भरायचा नाही. ताई, बाजार समितीत किंवा मोठ्या आडत्याकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं, वाटीभर दाणे घेऊन जा, दोन मिनिटांत आकडा सांगतात.

घरात करायची मिठाची युक्तीही आहे: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर भाजलेलं मीठ घालून जोरात हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ च्या वर. नाही चिकटलं म्हणजे फार ओलं नाही, पण मायलरला तेवढी खात्री पुरत नाही.

मुंबईकर_चाळीतला | १ मे, दुपारी १२:१५

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत वीस लिटरची बादली ठेवली तर मी गॅलरीत झोपायला जाईन, पण इंद्रायणी आत राहील हे नक्की 🙂

खरंच विचारतो, छोट्या घरात छोट्या प्रमाणात कसं करायचं? फ्रीजचा फ्रीजर एवढासा. गच्ची सोसायटी देत नाही.

सूक्ष्मदर्शक | १ मे, दुपारी १:३०

छोट्या घराला दोन लिटरच्या पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या! त्यांचा प्लास्टिक हवा बऱ्यापैकी अडवतो आणि फिरकीचं झाकण घट्ट बसतं. बाटली धुवून दोन-तीन दिवस उलटी वाळवा, आत थेंबही नको. दीड किलोच्या आसपास धान्य मावतं. गळ्यापर्यंत ठोकून भरा, हवं तर एक छोटी शोषक पुडी, झाकण पिळून बंद. चवळी किंवा मूग पाच किलो असतील तर तीन-चार बाटल्या पलंगाखाली आडव्या. एक फोडली तरी बाकीच्या बंद राहतात. माझ्या मते शहरातल्या घराला याहून सोपा उपाय नाही. फक्त ऊन आणि उंदीर यांच्यापासून जपा.

ज्यांच्याकडे क्विंटलने धान्य आहे त्यांच्यासाठी तीन पदरी हवाबंद पोती मिळतात. आत दोन जाड पॉलिथिनच्या पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. ही पद्धत अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, चवळीसाठीच काढली. तिथल्या शेतकऱ्यांचं दुखणं रानजाईच्या डब्यातलंच होतं.

ओटीपदर | १ मे, दुपारी ४:००

तांदळाबद्दल एक. हातसडीचा असेल तर वर्षाचा भरू नका. कोंड्यातलं तेल खवट होतं, चार-सहा महिन्यांत वास धरतो. पॉलिशचा पांढरा जितका जुना तितका चांगला, भात मोकळा होतो. नव्या तांदळाचा भात चिकट, आजाऱ्याला पेजेला बरा. आणि बाजरीचं पीठ कधीच साठवू नये, दाणा ठेवावा. आठवड्यात पीठ कडू होतं.

गव्हाळ | १ मे, सायंकाळी ७:२०

परिचारिका ताई, मी रागावलो नाही. पण मग एक क्विंटल गव्हाचं काय करू? एवढा फ्रीजर कुणाकडे आहे? गहू धुवून वाळवायला आई आता थकली.

जुनाजाणता | १ मे, रात्री ८:१०

गव्हाळ, गव्हाला ऊन पुरतं. चार माणसं मिळून एका रविवारी करा. निवडायला, पाखडायला शेजारच्यांना बोलवा, त्यांचंही करून द्या. आमच्या वाड्यात मे महिन्यात असंच व्हायचं. एका ओसरीवर गहू, दुसरीवर कुरडया. पोरं परातीभोवती बसून खडे वेचायची आणि वेचता वेचता भांडणंही मिटवायची. मग वाळला की कोठीत शिगोशीग, वर कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला. ओला पाला नको, त्याची ओल धान्याला लागते.

सूक्ष्मदर्शक | १ मे, रात्री ८:३२

काका, कडुलिंबाबद्दल थोडा मतभेद. वाळल्या पाल्याने किडा दूर राहायला थोडी मदत होते, पण दाण्याच्या आत बसलेली अळी त्याने मरत नाही. तुमच्या कोठीचं खरं काम ऊन आणि शिगोशीग भरणं करतंय.

जुनाजाणता | १ मे, रात्री ८:५०

मान्य. तरी पाला घालणारच. आई घालायची.

ह्यूस्टनवासी | १ मे, रात्री ११:०५

घाला काका. इथे मी बादलीत बायकोच्या परसातला कढीपत्ता वाळवून घालतो, त्याला कुठलंही शास्त्र नाही.

रानजाई | ६ मे, सकाळी १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते लिहिते.

सोसायटीच्या गच्चीची परवानगी मिळाली, तीन दिवस गव्हाला आणि ज्वारीला ऊन दिलं. आडत्याकडे नेलं तेव्हा गहू ९.८ निघाला, ज्वारी ११. त्यामुळे गव्हातला अर्धा मायलरमध्ये, अर्धा कोठीत वाळल्या पाल्यासह (काकांसाठी). ज्वारी आणखी एक दिवस उन्हात घातली आणि तरीही पिशवीत न भरता कोठीतच ठेवली, ती आधी संपवणार. चवळी आणि हरभरे शेजारच्या दोघींच्या डीप फ्रीजरमध्ये चार-चार दिवस ठेवले, बाहेर काढून रात्रभर बंदच ठेवले, मग बाटल्यांत. तूरडाळीला एरंडेल. मुलीने सगळ्या बाटल्यांवर वाकड्यातिकड्या अक्षरांत "चवळी" लिहिलंय, हरभऱ्यांवरसुद्धा.

डोंबिवलीची_माऊ | ६ मे, सकाळी १०:३०

अगं हरभऱ्यावर चवळी! 😄 मुलीला पापा. तारीख टाकलीस ना?

रानजाई | ६ मे, सकाळी १०:३४

टाकली.

परिचारिका_०७ | ६ मे, दुपारी २:००

गोळ्यांचं इमारतीतल्या बायकांशी बोललात का?

रानजाई | ६ मे, दुपारी २:२१

बोलले. तुमची ती पोस्ट वाचून दाखवली. तिघींनी काढल्या. एक अजून तयार नाही, तिच्याकडे रविवारी पुन्हा जाणार आहे.

रानजाई | १९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

धागा वर आणतेय, कारण सांगायचं राहिलं असतं. पाऊस संपला, आज डबे पाहिले.

चवळीच्या सहापैकी पाच बाटल्या निर्मळ. एकीत भुंगे निघाले, तिचं झाकण किंचित तिरकं बसलं होतं, भरतानाच चुकलं असणार. मायलरच्या पिशव्या अजून दगडासारख्या घट्ट. कोठीतल्या गव्हात वरच्या थरात तुरळक सोंडे, चाळून पुन्हा ऊन दिलं. ज्वारी ऑगस्टमध्येच संपली, जाळी झाली नाही. डाळ उत्तम.

एक शंका: चवळी शिजायला गेल्या वर्षापेक्षा वेळ लागतोय. रात्रभर भिजवूनही कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त. साठवणीने होतं का?

सूक्ष्मदर्शक | १९ ऑक्टोबर, रात्री १०:२०

हो, कडधान्य उबेत जितकं जास्त राहतं तितकं शिजायला कठीण होतं. पोषण फारसं जात नाही, दाणा हट्टी होतो. भिजवताना चिमूटभर खायचा सोडा घाल, ते पाणी फेकून ताज्या पाण्यात शिजव. आणि बाटल्या स्वयंपाकघरात गॅसजवळ असतील तर तिथून हलव, घरातली सगळ्यात गार भिंत शोध.

रानजाई | १९ ऑक्टोबर, रात्री १०:३१

गॅसच्या वरच्या कपाटातच आहेत! उद्याच पलंगाखाली नेते.

गव्हाळ | १९ ऑक्टोबर, रात्री १०:४५

आमचा गहूही चांगला आहे. यंदा बोरिक लावलं नाही. पाच घरांनी मिळून ऊन दिलं. आई खुर्चीत बसून देखरेख करत होती.